आधी घरचं सांगा

“भाषण नको. घरचं सांगा,” असं म्हणत ताई बोलणाऱ्याच्या हातातला माइक काढून घ्यायच्या आणि टेबलावर आडवा ठेवून द्यायच्या. माइक हातात आला की माणूस पुस्तकातलं बोलायला लागतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

बँकेच्या बदलीने मी सोलापूरहून बनारसला आलो, तेव्हा निदान मराठी तरी कानावर पडेल म्हणून एका रविवारी त्यांच्या इतिहास मंडळात गेलो. दशाश्वमेध घाटामागच्या गल्लीत एका पाठशाळेचा हॉल होता. ताई मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मंडळाच्या अध्यक्ष त्या, सचिव त्या आणि सतरंजी झटकून घालणाऱ्याही त्याच. पहिल्याच भेटीनंतर त्यांनी माझा नंबर घेतला आणि दुसऱ्या दिवशी मला रागावल्या, “काल संध्याकाळी लावला होता, फोन उठवला नाहीत!” फोन उचलायचा असतो की उठवायचा, यावर मी हसलो. “काशीत झोपलेलाच असतो तो,” त्या म्हणाल्या.

मंडळाचं काम ऐकायला साधं होतं. काशीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांनी आपापल्या आठवणी आपल्या भाषेत सांगायच्या आणि ताईंनी त्या मोबाइलवर टिपून ठेवायच्या. “घाट कुणी बांधला ते सगळ्यांना पाठ आहे,” त्या म्हणायच्या, “पण त्या घाटावर रोज कोण उतरायचं, काय बोलायचं, ते विचारा की कुणीतरी.”

एकदा एक वृद्ध शास्त्रीबुवा आले. यात्रेकरूंचे धार्मिक विधी करणारं त्यांचं जुनं घराणं. त्यांनी मराठ्यांनी काशीत काय काय उभारलं याची सुरुवात अशी खणखणीत केली, की मागे डुलक्या घेणारे दोघे सावरून बसले. ताईंनी माइक काढून घेतला.

“बुवा, हे छापलेलं आहे. तुमच्या आजी कशा होत्या ते सांगा.”

“आजी?” बुवा गोंधळले. “आजी म्हणजे... आजीच.”

“तिला काय आवडायचं?”

बुवा आठवू लागले. मग म्हणाले, की साताऱ्याकडचा यात्रेकरू घरी उतरला, की आजी त्याला लवकर दर्शनाला जाऊ देत नसे. समोर बसवून विचारायची, ‘आत्ता शेतात काय उभं आहे?’ कुणी ज्वारी म्हणे, कुणी हरभरा. ती डोळे मिटून ऐकायची. लग्न होऊन नवव्या-दहाव्या वर्षी जी काशीला आली, ती परत कधी गेलीच नाही. बाहेर पडताना बुवा मला म्हणाले, “इतकी वर्षं तिचं श्राद्ध करतोय, पण ती आठवली आज.”

तुम्हाला वाटेल, अशा मंडळाला गर्दी लोटत असेल. तसं नव्हतं. तरुण पोरं पुण्याला, बंगलोरला गेली होती. जी होती त्यांना मराठी कळे, पण उत्तर हिंदीत देत. भेटेल तो म्हणे, “ताई, फार मोठं काम करताय,” आणि पुढच्या रविवारी त्याच्या घरी पाहुणे येत. थंडीतल्या एका सकाळी ताईंनी भोसले घाटावर कार्यक्रम ठेवला होता. धुक्यात आम्ही तिघंच जमलो, आणि एक बकरी. ताईंनी मफलर सारखा केला आणि तिघांपुढे, घाट भरलेला असावा अशा आवाजात, सगळं सांगितलं. बकरी शेवटपर्यंत थांबली, याचं त्यांना विशेष कौतुक.

गणेशोत्सवात मात्र सगळा समाज लोटायचा. तिथे ताईंनी दहा मिनिटं मागून घेतली. “आरतीच्या आधीच द्या हं,” त्यांनी बजावलं. “नंतर दिलीत तर समोर फक्त खुर्च्या बसतात.”

ज्याला त्याला त्या बोलतं करायच्या. कुणाची आत्या गंगेत पोहायची, कुणाच्या पणजीने रामनगरला जाणाऱ्या नावेत बाळंतपण काढलं, कुणाच्या घरी पुरणाऐवजी कशाची पोळी व्हायची, सगळं त्यांच्या डोक्यात नावानिशी असे. मी एकदा विचारलं, “ताई, तुमचं कधी सांगणार?”

“माझं काय! मी घरचीच. माझं केव्हाही होईल,” असं म्हणून त्या सतरंजीची घडी घालू लागल्या. आम्हालाही ते खरंच वाटलं. घरच्या माणसाला कोण रांगेत उभं करतं?

मग एका सकाळी ताईंच्या सुनेचा फोन आला. “भाईसाहब, जल्दी आइए। अम्मा क्या बोल रही हैं, मुझे समझ में नहीं आ रहा।”

ताईंना अर्धांगवायूचा झटका आला होता. दवाखान्यातून घरी आणल्या तेव्हा उजवा हात गेला होता आणि हिंदी गेली होती. उभा जन्म ज्या भाषेत गणित शिकवलं, भाजी घेतली, नातवाला दटावलं, त्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघेना. समजतही फारसं नव्हतं. उरली होती फक्त लहानपणची मराठी. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं.

मुलगा नोकरीसाठी लखनऊला, शनिवार-रविवारी यायचा. सून बलियाकडची. पंधरा वर्षं सासू-सून हिंदीत बोलल्या, भांडल्या, हसल्या. आता ताई खिडकीकडे बघून म्हणायच्या, “ऊन हवं गं, ऊन,” आणि ती बिचारी, हिंदीतलं ऊन समजून, धावत जाऊन कपाटातली लोकर आणायची. ताई लोकरीकडे बघत, सुनेकडे बघत आणि रडत. तीही रडे. मी जाऊन पलंग खिडकीजवळ सरकवला, तेव्हा दोघी शांत झाल्या.

मी मंडळाच्या लोकांना फोन केले. आणि खरं सांगतो, जे रविवारी कधी आले नव्हते तेही आले. आपसांत पाळ्या लावून रोज कुणी ना कुणी उशाशी बसू लागलं. शास्त्रीबुवा काठी टेकत जिना चढून यायचे आणि ताईंचं म्हणणं सुनेला हिंदीत सांगायचे. सूनही हळूहळू शिकली. “बरं वाटतं?” “पाणी देऊ?” असं विचारू लागली. इतकी माणसं मंडळाला आधी मिळाली असती तर, असं मनात यायचं. पण ते बोलायची ती जागा नव्हती.

शेवटच्या दिवसांत ताई एकच विचारत. “यमू आली का?”

बुवांनी सुनेला सांगितलं, “पूछ रही हैं, यमू आई क्या।” शब्द कळले, पुढे काही कळेना. मुलाने हे नाव कधी ऐकलं नव्हतं. मी ताईंच्या कानाशी वाकून विचारलं, “ताई, यमू कोण?”

त्यांनी माझ्याकडे आश्चर्याने पाहिलं. हे काय विचारणं झालं, असा तो चेहरा. “अहो, यमू!” त्या म्हणाल्या आणि दाराकडे बघत राहिल्या. दोन दिवसांनी गेल्या.

शोकसभेला पाठशाळेचा हॉल पुरला नाही. लोक गल्लीत उभे होते. एकेक जण उठून बोलला. ताईंमुळे मला माझी आत्या सापडली, आमची पणजी सापडली, असं जो तो सांगत होता. सगळं खरं होतं.

शेवटी सून उठली. डोक्यावरचा पदर तिने सारखा केला आणि तुटक मराठीत, एकेक शब्द जुळवत विचारलं, “यमू... कोण होती? कुणाला माहीत आहे?”

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बहीण असेल, मैत्रीण, शेजारीण, की आणखी कुणी? कुणालाच काही सांगता येईना. गल्लीतल्या लोकांनीही आत डोकावून पाहिलं, तिथून तरी उत्तर येईल म्हणून ती त्यांच्याकडे वळली.

मग “असू दे,” म्हणाली आणि खाली बसली.