परीचा तपास

तेर गावातली पोरं कधी जन्मली ते चावडीत लिहिलेलं नव्हतं. ते मल्लम्माच्या डोक्यात होतं. शाळेत नाव घालायची वेळ आली की मास्तर विचारत, "उमर किती?" बाप डोकं खाजवी आणि मल्लम्माला बोलावणं जाई. ती यायची, पोराकडं एकदा बघायची आणि सांगायची, "ह्यो पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता. सहा पुरी झाली, सातवं लागलंय." मास्तर बोटांवर निजामाचा फसली सन मोजत आणि उर्दूत तारीख लिहून टाकत. मल्लम्माशी हुज्जत कुणी घालत नसे.

ती सुईण होती. लिंगायताची विधवा, उंच, हाडापेरानं मोठी, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. गावातली सगळी पोरं तिला अव्वा म्हणत. कुणी म्हणालं, "अव्वा, तुम्ही कुणाच्याबी घरात जाता," तर ती गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणायची, "आमच्यात बाळंतपणाचा विटाळ मानत न्हाईत. आन पोर बाहेर येताना जात सांगत न्हाय." एवढं बोलून ती चालू लागायची. तिला उत्तराची वाट बघायची सवयच नव्हती.

मी सांगतेय ती गोष्ट मी दहा वर्षांची असतानाची, म्हणजे चव्वेचाळीस सालची. आमचा तेलाचा घाणा होता. माझा भाऊ महांतप्पा आठ वर्षांचा. आमच्या गल्लीच्या टोकाला दादामियाँ पिंजाऱ्याचं घर. दादामियाँ कापूस पिंजायचे, त्यांची बायको हसीनाबी गाद्या-रजया भरायची, आणि त्यांची एकुलती एक पोर जैनबी. महांतप्पाच्याच वयाची, सावळी, लांब मानेची, सागरगोट्यात कुणाला न हरणारी.

जैनबी हसीनाबीच्या पोटची नव्हती, हे आम्हा पोरांना ठाऊक होतं. ती कुठून आली, याचं आमच्याकडं एकच उत्तर होतं. तेरणेच्या डोहातल्या आसरांनी तिला काठावर आणून ठेवलं. पाण्यातल्या त्या बायांना आम्ही सगळेच भीत होतो. तरी जैनबीबरोबर खेळत होतो, कारण तिच्यावाचून खेळात मजा नव्हती.

मग त्या भादव्यात महांतप्पाला ताप आला. आदल्या दिवशी तो आणि जैनबी नदीवर गेले होते. ताप नऊ दिवस उतरेना. शेजारच्या बायका ओसरीवर बसून हळू आवाजात आसरांचं बोलत, आणि आमची आई, नीलम्मा, ऐकून पांढरी पडे. दहाव्या दिवशी ताप उतरला. अकराव्या दिवशी आईनं मला बजावलं, "त्या पोरीसंगं खेळायचं न्हाय. घरात तर आणायचीच न्हाय."

आमच्यासारखंच सगळ्या गल्लीनं केलं. जैनबी दोन-चार दिवस येऊन उभी राहिली. आम्ही खेळ मोडून दुसरीकडं जायचो. मग ती यायची थांबली. आपल्या दारात बसून एकटीच सागरगोटे खेळायची. मी तिच्यासमोरून जाताना मान दुसरीकडं फिरवायची. हे मी लपवत नाही.

एक दिवस मल्लम्मा रजईला कापूस सांगायला दादामियाँकडं गेली. जैनबीनं तिचा पदर धरला.

"अव्वा, मला परीनं आणलं की आसरांनी?"

"कोण म्हणतं आसरांनी?"

"सगळेच म्हणतात. पण तुम्हीच सांगितलं होतं न्हवं, मला नदीवर परीनं आणून ठेवलं?"

मल्लम्मा उंबऱ्यावर बसली. जैनबी तीन वर्षांची असताना तिनं विचारलं होतं आणि मल्लम्मानं परीची गोष्ट सांगून वेळ मारून नेली होती. ती गोष्ट पोरांच्या तोंडी फिरत फिरत परीची आसरा झाली होती.

"हसीना," ती म्हणाली, "पोरीचा दिवस कधी हाय ते तुला ठावं हाय न्हवं?"

"येत्या जुम्माला, अव्वा. धाग्याला गाठ मारते ना मी दर सालाला."

"मग औंदा सालगिरह मोठी करू. सगळ्या गल्लीला बोलवू."

हसीनाबी हसली, पण तिचे डोळे भरून आले. "कोण येणार, अव्वा? एक बच्चा पण येणार न्हाय."

"येतील. कुणाची सालगिरह हाय ते सांगायचंच न्हाय. ते पोरांनीच हुडकून काढायचं."

दुसऱ्या दिवशी ती घरोघर फिरली. शुक्रवारी परी येणार आहे, म्हणाली. तिच्या हारातले चार मणी गळून पडलेत. ते शोधायचे, आणि परी कुणाच्या वाढदिवसाला आली तेही ओळखायचं. ओळखलं की शेंगापोळ्यांचं जेवण. पोळ्या ती स्वतः लाटणार होती, म्हणजे खाण्यापिण्यावरून कुणाला बोलायला जागा नव्हती. गल्लीतल्या पोरांची झोप उडाली. आमच्याकडं वाढदिवस असा काही करतच नसत. ओवाळलं तर ओवाळलं.

आमच्या घरी मात्र आई आडवी आली. "जैनबी असेल तर माझी पोरं येणार न्हाईत."

"असणारच हाय," मल्लम्मा म्हणाली. "आन तुझी पोरंबी येणार. नीलम्मा, तुझा महांतू पायाळू होता. म्या त्याला काढला तवा तू माझा हात धरून काय म्हणालीस? अव्वा, तुम्ही सांगाल ते करीन. आठ वर्षांत म्या काय सांगितलं का? आज सांगते." तिनं कनवटीचा एक मणी काढून आईच्या तळहातावर ठेवला. गर्द लाल, जुनाट मणी. पाऊस पडून गेला की गावामागच्या जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडावर असे मणी सापडतात. "पोरं हुडकत तुझ्या दारी येतील. त्यांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. म्या जोर करणार न्हाय."

ती गेल्यावर आई कितीतरी वेळ मूठ मिटून बसली होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही तेरा पोरं लिंबाखाली जमलो. हसीनाबीनं जुनेराच्या पट्ट्यांवर पिंजलेला कापूस टाचून प्रत्येकाला पंख केले होते. पाठीवर ते बांधले आणि आमचं चालणंच बदललं. जैनबीलाही पंख होते. ती कडेला उभी होती, पण मल्लम्मानं तिला मधोमध आणून उभं केलं आणि पहिलं कोडं घातलं.

"दोन भाऊ, जोडीनं पळती, जन्मात एकमेकांला भेटती न्हाईत."

"आगगाडीचे रूळ!" महांतप्पा ओरडला आणि सगळे स्टेशनाकडं धावलो. कापूस वाटभर उडत होता. रुळांवर काम करणारे गुंडाप्पामामा आमची वाटच बघत बसले होते. त्यांनी पहिला मणी दिला आणि सांगितलं, "आठ वर्षांमागं हितं खडी टाकायला कानडी मुलखातनं टोळी आली होती. त्यात एक बाई होती. दिवस भरलेले, तरी गड्याच्या बरोबरीनं पाटी उचलायची. चालता चालता गायची. सावळी होती, मान अशी लांब." मग दुसरं कोडं घातलं. "खाल्ली तर दात आंबवी, घासली तर तांब्या उजळवी."

चिंच. ती होती नदीकाठी, बसप्पामाळ्याच्या मळ्याजवळ. पोरं डोहाकडं जायला कचरली, पण तेरा जण होतो आणि पंख लावलेले होते. बसप्पामामांनी दुसरा मणी काढला. "ह्या चिंचंखाली टोळीची पालं होती. इथंच त्या बाईला मुलगी झाली. अव्वानंच सोडवली. बाई दुसऱ्या दिवशी गेली. आम्ही तिला पलीकडं मूठमाती दिली."

जैनबी चिंचेच्या बुंध्याकडं बघत होती. आता मला कळत होतं, आणि मला वाटतं, सगळ्यांनाच कळू लागलं होतं. पण तपास पुरा झाल्याशिवाय नाव घ्यायचं नाही, असं अव्वानं बजावलं होतं.

तिसरं कोडं होतं, "डोळं बांधून दिवसभर चाले, तरी जिथल्या तिथं." घाण्याचा बैल. म्हणजे आमचंच घर.

आई दारात उभी होती. मूठ मिटलेली. तिनं आधी महांतप्पाकडं बघितलं, मग जैनबीकडं. मला वाटलं, ती आता दार लावून घेणार.

"ती बाई गेली," आई म्हणाली, "तवा पोर उपाशी होती. महांतू माझ्या कुशीत, पंधरा दिवसांचा. अव्वा मागल्या दारानं पोरीला घेऊन आल्या. म्या... म्या तिला दूध पाजलं. बकरीचं दूध सोसायला लागेपर्यंत, बारा दिवस. सासूबाईंना कळू दिलं न्हाय. पुढंबी कुणाला सांगितलं न्हाय. खरं ठावं असूनबी बायकांच्या बोलण्याला भ्याले."

तिनं मूठ उघडली. मणी घामानं ओला झाला होता. तो तिनं जैनबीच्याच हातात दिला आणि तिच्या पंखावरचा कापूस उगाचच सारखा करत राहिली. चौथं कोडं सांगायचं ती विसरलीच. मल्लम्मा मागून येत होती, तिनंच ते सांगितलं.

"एका तारेची वीणा, ना भजन ना गाणं, वाजली की घरात ढगच ढग."

पिंजण. दादामियाँनी आम्हाला बघून तार एकदा टणकन वाजवली. हसीनाबीनं चौथा मणी आणि एक लाल धागा पुढं केला. धाग्याला सात गाठी होत्या. "दर सालाला एक," ती म्हणाली. "बोला आता, कुणाची सालगिरह?"

"जैनबीची!" महांतप्पा सगळ्यांच्या आधी ओरडला. मग सगळेच.

जैनबी ओरडली नाही. तिनं मल्लम्माला विचारलं, "मग माझी आई परी न्हवती?"

"न्हवती," मल्लम्मा म्हणाली. ती जैनबीसमोर खाली बसली, आणि सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात बोलली. "बाई होती, तुझ्या-माझ्यासारखी. यल्लव्वा तिचं नाव. तुला बघून तिनं मला कानडीत विचारलं, 'कूसु छलो ऐतेन?' पोर बरी हाय का? म्या म्हणलं, लई बरी हाय. तुझा बाप टोळीसंगं पुढं गेला. जाताना त्यानंच तुला हसीनाच्या पदरात घातलं. परीचं म्या सांगितलं, ती माझी चूक. तू ल्हान होतीस, मला धीर झाला न्हाय. आसरांचं ज्यानं सांगितलं, त्यानं आता माझ्यासमोर येऊन सांगावं."

कोण येणार होतं? जैनबी थोडी रडली. हसीनाबीनं तिला जवळ घेतलं, आठवी गाठ मारली, आणि मग आई पुढं झाली. म्हणाली, "मला ओवाळायचंय." घरून ती तबक घेऊन आली. महांतप्पा आणि जैनबी, दोघांना शेजारी बसवून तिनं ओवाळलं. दादामियाँ म्हणाले, "एका दुधाचे आहेत, भाऊ-बहीण झाले." शेंगापोळ्या कमी पडल्या, कारण आया-बायकाही येऊन बसल्या.

पुढं अठ्ठेचाळीस साली निजामाचं राज्य गेलं. त्या दिवसांत गल्लीत भीती शिरली आणि मुसलमानांच्या घरांची दारं मिटली. मल्लम्मानं आपलं घोंगडं उचललं आणि दादामियाँच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. हातात अडकित्ता, तोंडात सुपारी. कुणी विचारलं, "अव्वा, इथं काय करताय?" तर म्हणायची, "बसलेय. तुला काय काम हाय?" अकरा दिवस ती हलली नाही. आईनं दोन्ही वेळचं जेवण तिथंच पाठवलं. तिच्यासमोरून त्या घरात पाऊल टाकायची छाती कुणाला झाली नाही. आत घुसू पाहणाऱ्या बहुतेकांनी पहिला श्वास तिच्याच हातात घेतला होता.

जैनबीचं लग्न तामलवाडीला झालं. पहिल्या बाळंतपणाला तिचं माहेरी येणं झालं नाही, तेव्हा तिनं हट्ट धरला, अव्वाच पाहिजेत. तेव्हा मल्लम्मा सत्तरीची होती. महांतप्पानं बैलगाडी जुंपली आणि बहिणीसाठी तिला तामलवाडीपर्यंत नेलं. तिनं जैनबीच्या सासूला चुलीवर पाणी ठेवायला लावलं, पुरुषांना अंगणाबाहेर काढलं आणि दुपारपर्यंत मुलगा हातात घेतला. मग हात धुऊन दोन भाकरी खाल्ल्या आणि जैनबीच्या सासऱ्याला म्हणाली, "आज नागपंचमीचा आदला दिवस. ध्यानात ठेवा. मला दर साली येऊन सांगायला जमणार न्हाय."