वळणाचा वेग

रस्ते खात्यात त्यांना सगळे गोळीवाले म्हणत. बंदुकीशी त्यांचा काही संबंध नव्हता. गाडीच्या डॅशबोर्डावर ते कमानीसारखी वाकलेली एक काचेची नळी बसवत. नळीत तेल, तेलात एक काळी गोळी. गाडी वळणात शिरली की गोळी बाहेरच्या बाजूला सरकायची. ती दहाच्या खुणेला पोचली की समजायचं, आता आत बसलेल्या माणसाला ओढल्यासारखं होतंय. त्या क्षणी गाडीचा जो वेग असेल, तो वळणाआधीच्या पिवळ्या बोर्डावर रंगवायचा. छत्तीस वर्षं हेच काम.

"उगाच कमी आकडा लिहून चालत नाही," ते खात्यातल्या नव्या माणसांना ऐकवत. "लोक बोर्ड बघून गाडी चालवत नाहीत, स्वतःला बरं वाटेल तशी चालवतात. बोर्ड दोनदा खोटा निघाला की तिसऱ्यांदा खऱ्यालाही भीक घालत नाहीत."

यात चूक काही नव्हती. फक्त बरं कुणाला वाटतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

निवृत्तीला महिना उरला होता. बायकोला शेजारी बसवून थेट समुद्रापर्यंत जायचं, बारा दिवसांची सहल, हे त्यांनी केव्हाच ठरवून टाकलं होतं. नकाशा टेबलाच्या काचेखाली होता. बायकोचं मात्र दर वेळी काहीतरी निघे. आधी गुडघे, मग कुंड्यांना पाणी कोण घालणार, मग मुलीची परीक्षा. मुलगी परीक्षा देऊन नोकरीला लागली तरी बाईंचं नाहीच. हिला आपल्याबरोबर कुठं जायचंच नाही, असं गोळीवाल्यांनी मनाशी धरलं होतं आणि ते त्यांना फार लागलं होतं. एकट्यानं जाण्यात त्यांना काडीचा रस नव्हता.

अशात शेवटचं काम आलं. टेकडीखालचं वळण नव्यानं डांबरलं होतं. जुना बोर्ड पंचेचाळीसचा. तो वाढवता येईल का, ते सोमवारपर्यंत कळवायचं होतं. गाडी चालवायची यांनी आणि गोळी वाचायची शेजारच्या कारकुनानं, अशी पद्धत. कारकुनाची कंबर नेमकी शनिवारी धरली. रविवारी सकाळी, साहेबांच्या कानावर न घालता, गोळीवाल्यांनी बायकोला गाडीत बसवलं.

"गोळी दहावर आली की दहा म्हणायचं. दहाला माणसाला बाजूला ओढल्यासारखं होतं. सोपं आहे."

चाळीसच्या वेगानं ते वळणात शिरले.

"दहा," बायको म्हणाली.

असं कसं होईल? गाडी फिरवून ते पुन्हा चाळीसनं आले. पुन्हा "दहा". तिसऱ्या खेपेला त्यांनी स्वतःच तिरक्या नजरेनं नळीकडे पाहिलं. गोळी जेमतेम सहावर होती. त्यांनी गाडी कडेला घेतली.

"अगं, सहा आहे! दहा कुठून काढलेस?"

"तुम्हीच म्हणालात ना, ओढल्यासारखं झालं की दहा. मला झालं ओढल्यासारखं."

"पण गोळी बघायची होती!"

"ती कशी बघणार? वळणावर माझे डोळे मिटलेले असतात."

"कधीपासून?"

बायकोनं जरा विचार केला. "लग्नापासून," ती म्हणाली.

गोळीवाल्यांनी इंजिन बंद केलं. आमची ही गाडीत कधी कटकट करत नाही, असं ते चारचौघांत कौतुकानं सांगत आले होते. एकतीस वर्षं ती शेजारी जीव मुठीत धरून बसत होती.

"म्हणजे सहलीला नाही म्हणायचीस ते..."

"गुडघेही दुखतात, ते खोटं नाही."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"पहिल्या वर्षी बोलले होते. तुम्ही म्हणालात, काही होत नाही, मी रोज हेच करतो."

त्यांना आठवेना. हे आपण म्हणालो असणार याबद्दल मात्र शंका नव्हती, आणि त्याचीच त्यांना लाज वाटली.

काम काम होतं. ते एकट्यानंच चार चकरा मारून आले. तोवर बायको रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. पंचावन्नला गोळी बरोबर दहावर आली. तोच आकडा त्यांनी तक्त्यात लिहिला, कारण तक्ता गाडी चालवणाऱ्यांसाठी होता. मग त्यांनी बायकोला पुन्हा आत बसवलं.

"आता तू सांग. मी हळूहळू वाढवतो."

वीस. पंचवीस. तिशीच्या पुढं काटा गेला तशी ती म्हणाली, "बस. एवढंच."

मागून दुधाच्या गाडीनं भोंगा वाजवला. गोळीवाल्यांनी त्या गाडीला हातानं पुढं जायला सांगितलं.

"असं गेलो तर बाराचे वीस दिवस होतील," ते म्हणाले.

"होऊ देत. कुंड्या शेजारीण बघेल."

वळण आलं. तिच्याकडे मान वळवायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी समोर बघतच विचारलं, "डोळे उघडे आहेत?"

"हो. अहो, इथून खाली तळं दिसतं की! एकतीस वर्षं याच रस्त्यानं माहेरी जाते मी. मला माहीतच नव्हतं."