बानाबाईंचं गुलाबी पिल्लू

आमच्या वरच्या मजल्यावरच्या बानाबाई दिवसभर जिन्यात बसतात. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या इमारतीचा जिना आधीच अरुंद, त्यात त्या मधल्या पायरीवर. भाजीची पिशवी घेऊन चढताना मी रोज कुरकुरते. त्या सरकतात, पण बोलत नाहीत. दिवाळीनंतर त्यांचे यजमान कारभारी गेले. बिडकीनकडे त्यांची मेंढरं होती. मुलगा रामेश्वर कंपनीत कामाला, राखणार कोण? त्यानं सगळी व्यापाऱ्याला विकली आणि आईला इथं आणलं. नवरा गेला तेव्हा बानाबाई रडल्या नाहीत, मेंढरं गेली तेव्हाही नाही. सून ज्ञानेश्वरी ताट पुढे ठेवते तेव्हा जेवतात, एवढंच.

माझ्या लेकीनं, दीपमालानं, रस्त्यावरच्या टोपलीवाल्याकडून गुलाबी रंगवलेलं कोंबडीचं पिल्लू आणलं. मी डोक्याला हात लावला. ही रंगवलेली पिल्लं चार दिवसांची पाहुणी, हे साऱ्या गल्लीला ठाऊक. हे तगलं, पण त्याची पार रया गेली. मान उघडी पडलेली, पाठीवर गुलाबी लव कशीबशी चिकटलेली, पंखांतून पांढऱ्या काड्या निघालेल्या. रोग असला तर घरात नको, म्हणून खोक्यासकट उचलून बानाबाईंपुढे ठेवलं.

"मावशी, जरा हातात घेऊन बघा. जगेल का हे?"

त्यांनी हात पदराखाली घेतले. "मला मेंढराचं कळतं, कोंबडीचं नाय. आन् ह्याला रंग हाय. इकलेलं हाय ते. हात कसा लावू?"

मला काही उमजेना. मग ज्ञानेश्वरीनं सांगितलं. सौदा झाला की व्यापारी एकेका मेंढराच्या पाठीवर गुलाबी रंग ओढतो. एकदा रंग पडला की ते परक्याचं, मालकानं त्याला शिवायचं नाही, अशी त्यांच्या घरची रीत. त्या दिवशी एक मेंढी मागे फिरून बानाबाईंच्या लुगड्यात तोंड खुपसत होती. व्यापारी तिला ओढून नेईपर्यंत यांनी दोन्ही हात वर धरले होते.

हा रंग नुसता शोभेचा आहे, असं मी त्यांना समजावलं. "रंग त्यो रंगच," त्या म्हणाल्या. मला असा राग आला, की खोकं तिथंच ठेवून मी घरात निघून गेले.

त्या हात न लावता बघू लागल्या. मी येता-जाता विचारायची आणि त्या दुसऱ्याच्या घरचं सांगावं तसं सांगायच्या. "दाणा टिपतंय." "पायावर जोर देतंय." एका दुपारी म्हणाल्या, "मान टाकलीया."

"मग उचला की! मरेल ते, मावशी!"

"मरंल," त्या म्हणाल्या आणि बघत राहिल्या. त्यांच्या आवाजात काहीच नव्हतं. मला भीती वाटली, पिल्लाची नाही, त्यांची. मीच त्याच्या चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं.

ते मेलं नाही. रोग नव्हताच, लव झडून पिसं येत होती. हळूहळू ते पांढरं झालं. एक दिवस बाजारातून आले तर पिल्लू बानाबाईंच्या मांडीवर. गुलाबी लवेचा शेवटचा पुंजका पायरीवर पडला होता. त्या पिल्लाची खालची पापणी ओढून बघत होत्या, पोट चाचपत होत्या. मग त्यांनी अंगठ्यानं चोच उघडली.

"दात बघताय का काय?"

"सवय," त्या म्हणाल्या. ओठ जरासे हलले. "चांगलं हाय. जगंल."

हात त्याच्या पाठीवरच होता. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "त्यांचाबी रंग निघाला आसंल आता, नाय का?"

व्यापारी मेंढरं कशासाठी नेतो ते मला माहीत होतं. त्यांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं. एरवी माझ्या जिभेला हाड नाही. पण तेव्हा मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्या खालच्या पायरीवर बसले.

"व्हय मावशी," मी म्हणाले. "निघाला असंल."

पिल्लाच्या पाठीवरचा हात न काढता बानाबाई रडायला लागल्या.