मागच्या सतरंजीवरची राहेलबाई

मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो, त्याच्या पहिल्याच रविवारी मी पापी ठरलो. पाप कोणतं, ते मात्र मला कोणी सांगेना.

झालं असं. चैत्राचे दिवस, मंगरूळपीरकडचं ऊन आणि उपासनेला खचाखच भरलेलं देऊळ. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. पुढे मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, आणि मागे दाराशी एक विटकी सतरंजी जवळजवळ मोकळी. वर दारातून झुळूक येत होती. माणसं शहाणी दिसतात, नव्या पाहुण्यासाठी वाऱ्याची जागा राखून ठेवलीय, असं मनात म्हणत मी तिथं ऐसपैस मांडी ठोकली. बायकांच्या बाजूनं माझी बायको मार्था डोळे वटारून काहीतरी खुणावत होती. टोपी काढायची राहिली असेल, असं वाटून मी ती काढली. तरी डोळे वटारलेलेच.

सतरंजीवर एक म्हातारा, एक खाली मान घातलेला तरुण आणि एका टोकाला एक वाळकी, काळीसावळी म्हातारी बसली होती. तिनं सरकून मला आणखी जागा करून दिली आणि हलक्या आवाजात विचारलं, "दारू का देवकार्य?"

"अं?"

"घाबरू नोका. ह्या बुढ्यानं मरीआईले बोकड देल्लं. ह्या पोट्ट्यानं मोहाची घेतली. तुमचं काय?"

"मी नवा मास्तर आहे," मी म्हणालो.

"मास्तर बी करतेत," ती समजूत घालत म्हणाली आणि डोळे मिटून प्रार्थनेला लागली.

ती सतरंजी शिस्तीखालच्या लोकांची होती. मंडळीत कोणाच्या हातून काही घडलं की पंच त्याला काही महिने मागे बसवत. तेवढ्या काळात प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला त्याच्यापुढे येत नसे. उपासना सुटल्यावर आमचे पाळक, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, देवदानजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "स्वतः होऊन मागे बसलात, याला धैर्य लागतं. मन मोकळं करायचं असेल तेव्हा या." पुढचा आठवडाभर माझ्या पापाच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मार्थाच्या कानावर येत होत्या. त्यातल्या एकीत तर मी आलो त्या नगरकडे माझी आणखी एक बायको होती.

ती म्हातारी म्हणजे राहेलबाई. तिचं पाप काय, हे मी दबकत चौकशी करून पाहिलं. तर कळलं, पाप काही नाही. ती मिशनची बायबलबाई, म्हणजे खेडोपाडी जाऊन बायकांना शास्त्रातल्या गोष्टी सांगणारी पगारी नोकर. बसायचा मान पहिल्या ओळीतला. पण ती बसे मागेच. पाळकांनी सांगून पाहिलं, मिशनच्या गोऱ्या साहेबांच्या मडमेनं रागावून पाहिलं. राहेलबाईचं उत्तर ठरलेलं: "पुढच्यायले तुमी हाये. मागच्यायले कोन हाये?"

मूळची ती आसेगावची. लहानपणीच कपाळ पांढरं झालं आणि सासरच्यांनी पांढऱ्या पायाची म्हणून हाकलून दिलं. मोठ्या दुष्काळात ती मिशनच्या अन्नछत्राशी आली आणि तिथंच राहिली. राहेल हे नाव मडमेनं ठेवलेलं. वाचायला ती शिकली, पण वाचनावर तिचा फारसा भर नव्हता. पुस्तक मांडीवर उघडं ठेवायची आणि गोष्ट आपल्या मनानं सांगायची. उधळ्या पुत्राची गोष्ट तिच्या तोंडून ऐकावी. पोरगा चिंध्या नेसून परत येतो, आणि तिचा बाप ओरडतो, "पानी तापवा, नवं धोतर आना, पुरन शिजाले टाका!" मी एकदा म्हटलं, "राहेलबाई, शास्त्रात पुरण नाही, पुष्ट वासरू आहे." ती म्हणाली, "बापाचा जीव तोच हाये ना? मंग पोयी खाऊ द्या त्याले."

येशूला विहिरीवर भेटलेल्या परजातीच्या शोमरोनी बाईची गोष्ट ती आसेगावच्या विहिरीवरच सांगे. "येशू इहिरीवर बसला. भर दुपारची एक बाई पान्याले आली. काहून आली दुपारची? सकायी दुसऱ्या बाया तिले भरू देत नसतीन." एवढं बोलून ती गप्प बसायची. ज्यांना सकाळी भरू देत नसत, त्या बायांना पुढचं सांगावं लागत नसे.

रस्त्यात भेटली की मला विचारायची, "मास्तर, सापडलं का तुमचं पाप?"

"शोधतोय," मी म्हणे.

"सापडलं तं सांगजा. सतरंजीवर जागा हाये."

अशी दोनेक वर्षं गेली असतील. मग सखारामचं प्रकरण आलं.

सखाराम आसेगावातला दोर वळणारा माणूस. राहेलबाईच्या गोष्टी ऐकून ऐकून त्यानं बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. रविवारी कोसभर चालत यायचा आणि अजून मंडळीत घेतलेला नव्हता म्हणून मागच्या सतरंजीवर बसायचा. सोबत दोन बायका आणि दोन लेकरं. घोडं तिथंच अडलं. काशी ही लग्नाची. तिला मूल नव्हतं आणि डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. गंगा त्याची भावजय. भाऊ मानमोडीच्या साथीत गेला, तेव्हा काशीनंच तिला हात धरून घरात आणली आणि नवऱ्याला तिच्याशी पाट लावायला लावला. लेकरं गंगेची, पण वाढली काशीच्या मांडीवर. मंडळीचा नियम सरळ होता. एक पुरुष, एक बायको. बाप्तिस्मा हवा तर गंगेला सोड.

पंचांची बैठक शाळेत भरली. शाळेची किल्ली माझ्याकडे, एवढ्या अधिकारावर मीही कोपऱ्यात बसलो होतो. साहेब मध्ये, देवदानजी शेजारी, दाराशी सखाराम आणि त्याच्याजवळ राहेलबाई.

"तिला वेगळं घर करून दे, पोटापाण्याचं बघ," देवदानजी म्हणाले.

"मास्तर, टाकलेली बाई गावात कशी राह्यते, तुमाले ठाव नाई का?" सखाराम म्हणाला. आमच्याकडे पाळकालाही मास्तरच म्हणत. "आन काशीले हाताले धरून कोन नेईन?"

राहेलबाईनं पदर खोचला. "याकोबाले दोन बायका होत्या का नाई? लेआ पयली, राहेल दुसरी. मडमेनं माहं नाव राहेल ठेवलं, तवा नाई कोनी म्हनलं, दुसरीचं नाव नोको!"

"बाई, ते जुन्या करारातलं आहे."

"मंग नाव बी नव्या करारातलं द्याचं होतं."

साहेबांनी रुमाल तोंडावर धरला. हसू होतं की खोकला, कळलं नाही. देवदानजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "राहेलबाई, माझ्या बापानं दुसरी आणली आणि माझ्या आईला गोठ्यात झोपायला लावलं. दोन बायकांचं घर मी आतून पाहिलंय. आज सखारामला सूट दिली, तर उद्या असा बाप येईल. त्याला मी काय सांगू?"

 राहेलबाईनं खोचलेला पदर सोडला. मग म्हणाली, "तुमचं बी खरं हाये, मास्तर. पन ह्या घरात गोठ्यात कोनीच नाई ना."

निर्णय लागला नाही. त्यानंतरच्या रविवारी प्रभुभोजन होतं. मडमेनं भाजलेल्या डबलरोटीचे तुकडे पितळी ताटात फिरत होते. ताट पुढून मागे आलं, सतरंजीवरच्या सखारामला, काशीला, गंगेला ओलांडून राहेलबाईपुढे थांबलं. तिनं तुकडा उचलला आणि तळहातावर तसाच धरला. आमच्याकडे सगळ्यांनी एकदमच खायचं, अशी पद्धत होती. साहेब थांबले. मंडळी थांबली. राहेलबाईचा हात काही तोंडाकडे जाईना.

"राहेलबाई, आपण भक्षण का करीत नाही?" साहेबांनी विचारलं. त्यांचं मराठी पुस्तकातून आलेलं होतं.

"वाढून नाई झालं, साहेब."

"सर्वांना मिळाले आहे."

"माह्या बाजूले पानं रिकामी हायेत. पंगतीत सगळ्यायले वाढून झाल्याबिगर आमच्यात घास घेत नाईत."

"त्यांना नियमाने देता येत नाही."

"हो ना. मंग थांबू आपुन."

सखाराम घामाघूम झाला. "खा वं मावशी," तो पुटपुटला, "माह्यापायी सगळी मंडळी उपाशी."

"तू गप बैस."

किती वेळ गेला कोण जाणे. एक लेकरू रडायला लागलं. शेवटी साहेबांनी ताट परत मेजावर ठेवलं, त्यावर पांढरं फडकं झाकलं आणि प्रभुभोजन पुढे ढकललं आहे, असं सांगितलं.

मंडळी चिडली. राहेलबाईला शिस्त लावलीच पाहिजे, असं पंचांनी ठरवलं. पण शिस्त म्हणजे मागच्या सतरंजीवर बसवणं, आणि ती बसत होती तिथंच. तेव्हा विषय मागे पडला.

मी इकडे पुस्तकं चाळत होतो. माझ्यासारख्याला भांडणात उडी घेण्यापेक्षा पुस्तक चाळणं सोपं. आणि सापडलं! प्रेषित पौलानं करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय की जेवायला एकत्र जमाल, तेव्हा एकमेकांसाठी थांबा. आनंदानं मी धावत राहेलबाईच्या खोलीवर गेलो आणि ते वाचून दाखवलं.

"असं लिवलं हाये?" ती खरोखर चकित झाली. "बरं झालं बाई. मले वाटे, आमच्या आसेगावचीच रीत हाये."

हाच उतारा मी देवदानजींनाही दाखवला. ते म्हणाले, "ते खादाड लोकांसाठी लिहिलंय, मास्तर." मी पुस्तक मिटून घरी आलो.

अखेर साहेबांनी वाट काढली ती अर्धी. काशी, गंगा आणि लेकरं यांना बाप्तिस्मा मिळाला; त्यांच्याकडे नवरा एकच होता. गंगेला घर सोडावं लागलं नाही. सखारामनंच म्हटलं, "त्यायले घ्या. मी मांगं बसतो." तो मंडळीबाहेर राहिला. पुढच्या प्रभुभोजनाला ताट राहेलबाईपुढे आलं, तेव्हा तिनं हात जोडले. "तुमी जेवा, साहेब. मी मागाहून."

"हा हट्ट आहे," देवदानजी तिला म्हणाले.

"नाई हो. मी भांडाले नाई बसली, वाट पाह्याले बसली."

आणि ती बसली. किती वर्षं बसली! मला पोरं झाली, ती शाळेत जायला लागली, साहेबांचे केस पिकले. तिची जीभ तेवढी थकली नाही. सखाराम तिच्या बाजूला बसून माझ्याहून बेसूर गायचा, आणि ती म्हणायची, "गा बावा. देवाचे कान आपल्यावानी नाईत." पण दर प्रभुभोजनाला ताट आलं की हात जोडलेले, आणि "मागाहून."

शेवटच्या थंडीत तिला तापानं धरलं. गंगा बैलगाडी घेऊन आली आणि तिला आसेगावला आपल्या घरी घेऊन गेली. काशी आंधळी, पण रात्रंदिवस तिचे पाय चेपत बसे. आता फार दिवस नाहीत असा निरोप आला, तेव्हा साहेब, देवदानजी, मी आणि मार्था असे गाडीनं निघालो. साहेबांनी रोटी आणि प्याल्यासाठी मनुकांच्या रसाची बाटली फडक्यात बांधून घेतली होती.

राहेलबाई बाजेवर पडली होती. मला पाहून पुटपुटली, "सापडलं का मास्तर?" मी नाही म्हणून मान हलवली. 

साहेबांनी प्रार्थना केली आणि रोटीचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तसाच धरला. डोळे दाराकडे. तिथं उंबऱ्याबाहेर सखाराम उकिडवा बसला होता.

"इकडं ये रे."

तो आला. तिनं त्या तुकड्याचे दोन तुकडे केले. साहेबांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा कोटाच्या टोकानं पुसायला घेतला. इतका स्वच्छ चष्मा मी जन्मात पाहिला नसेल. देवदानजी एकाएकी उठले, "बैल सुटले की काय, बघतो," म्हणाले आणि बाहेर गेले. बैल तर मला दारातून दिसत होते, खाली मान घालून कडबा खात होते. अंगणात देवदानजी आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि खूप वेळ तसेच उभे होते.

सखारामनं घास घेतला. तो गिळेपर्यंत ती थांबली, मगच तिनं आपला तुकडा तोंडात टाकला. साहेबांनी चष्मा घातला आणि प्याला पुढे केला. 

राहेलबाई त्याच आठवड्यात गेली. पण त्या संध्याकाळी आम्ही आसेगावहून परतलो, तेव्हा माझ्या डोक्यात चक्रं सुरू होती. मार्थानं भाकरी वाढली, पिठलं वाढलं, आणि मी बोलतच होतो. जे झालं, ते प्रभुभोजन धरायचं का? बाप्तिस्मा नसलेल्यानं घेतलं, तर त्याला काय म्हणायचं? साहेबांनी पाहिलं की नाही? पाहिलं असेल तर नियमाचं काय? आणि देवदानजी उद्या पंचांना काय सांगतील? पौल याबद्दल काय म्हणतो, ते काढायला मी पुस्तकाकडे हात केला.

मार्थानं पुस्तक उचलून फळीवर ठेवलं.

"राहेलबाई जेवल्या ना?" ती म्हणाली. "मग आता तुम्ही जेवा."