अक्का माहेरी जात नसत

पिंप्राळ्यातल्या त्या घरात मी वरची खोली भाड्याने घेऊन राहायला गेले, तेव्हा घरमालकीण अक्कांनी पहिला प्रश्न विचारला, "तुह्या खिडकीतून समोरचं घर दिसतं का?" दिसत होतं. मग त्या दिवसातून चारदा वर यायला लागल्या. धड बसायच्या नाहीत, चहा उभ्यानेच प्यायच्या आणि नजर सगळी समोर.

समोर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. अक्कांचे यजमान, नाना, भुसावळला रेल्वेत होते. निवृत्तीनंतर गल्लीतले पंखे, मिक्सर हौसेने दुरुस्त करत. कधीतरी बाई म्हणाल्या होत्या, "नानांच्या हाताला गुण आहे." बस्स! तेव्हापासून बाईंचा पंखा बिघडला की अक्कांचं डोकं फिरायचं. "तिचाच पंखा कसा बिघडतो दर महिन्याले?" मी म्हटलं, "अक्का, पंखा जुना आहे." त्यावर त्या फणकारल्या, "हे बी जुनेच हायेत!"

नानाही काही कमी नव्हते. समोर जाताना मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालत, पावडर लावत आणि जिन्यात मला डोळा मिचकावत. मला राग यायचा. त्या बिचाऱ्या बाईंचा यात काय दोष? एकदा मी नानांना तोंडावरच विचारलं. स्क्रू पिळता पिळता ते म्हणाले, "समोरून पाह्यलं अन् तुही अक्का वरच्या खिडकीत दिसली नाही ना, तं मले घर रिकामं वाटतं."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशात लेकी माहेरी जातात, झोके खेळतात. अक्कांचं माहेर असोदा, म्हणजे इथून इथं. तरी दर वर्षी भाऊ मोटरसायकल घेऊन न्यायला यायचा आणि एकटाच परत जायचा. एका वर्षी मीच हट्टाने अक्कांना त्याच्यामागे बसवून दिलं. जेवणाच्या वेळेआधीच अक्का रिक्षातून परत हजर, हातात आंब्यांची पिशवी. "तिथी करमत नाही," एवढंच बोलल्या. आत नाना दोन ताटं मांडून बसले होते.

नाना थंडीत गेले, दोन दिवसांच्या तापाने. अक्का रडल्या नाहीत. नुसत्या घरभर फिरत राहिल्या. आखाजीला भाऊ पुन्हा आला. "आता तरी चाल, अक्का. आता कोनाची राखन करते?"

अक्का नानांच्या नावाची घागर भरत होत्या. त्या दिवशी गेलेलं माणूस पाणी प्यायला घरी येतं, असं आपल्याकडे मानतात. "आज ते येतीन," अक्का म्हणाल्या. "मी दिसली नाही तं सरळ समोर जातीन."

मला हसू आलं. भाऊ मान हलवत निघून गेला. मग अक्कांनी मला हुकूम सोडला, "जाय, त्या बाईले बलाव."

इतक्या वर्षांत बाई त्या घरात आल्या नव्हत्या. बिचकतच आल्या. अक्कांनी घागरीजवळ पाट मांडला. "इथीच बसा, माह्या डोयासमोर. म्हनजे त्याईले दोन घरं हिंडाले नको."

बाई पाटावर बसल्या. अक्का दारापर्यंत जात, रस्ता बघत, परत येत. नानांसाठी वाढलेल्या ताटातल्या आमरसावर माश्या बसायला लागल्या, तरी त्यांच्या फेऱ्या चालूच. शेवटी त्या दारातच थांबल्या.

"बाई तं इथी हायेत," त्या मला म्हणाल्या. "मंग ते कुठी गेले?"

आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदाच अक्का रडल्या. बाईंनी उठून त्यांना धरलं, आणि अक्कांनी धरू दिलं.