जोडीचा दगड

तुमच्या घरातल्या एखाद्या बाईनं येऊन सांगितलं की भर दुपारी आभाळातून दगड पडला, तर तुम्ही आधी आभाळाकडं बघाल की तिच्या तोंडाकडं?

आमच्या गावानं तोंडाकडं बघितलं. ती बाई माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव औशाच्या पुढं, डांबरी रस्ता सोडून आत. लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. काही पाट्यांवर नवा जिल्हा रंगवला होता, काहींवर जुनाच होता, आणि पावसानं दोन्ही जिल्ह्यांना सारखंच टाळलं होतं. गावचा तलाव आटला होता. त्याच्या पात्रात रोजगार हमीचं काम निघालं होतं आणि आत्या तिथं खडी फोडायला जायची.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाभळीखाली बसले होते. आत्या एकटीच पाण्याच्या घागरीकडं चालली होती. आधी आभाळात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. मग सुं सुं करत काहीतरी खाली आलं आणि तिच्यापासून थोड्या अंतरावर गाळात धप्पकन रुतलं. तिनं ते उकरून काढलं. मुठीत मावेल न मावेल एवढा काळा दगड. बाभळीखालच्या लोकांनी आवाज ऐकला होता, पण पलीकडं विहिरीच्या कामावर सुरुंग लावत होते. त्यामुळं कुणी मानही वर केली नाही.

"सुरुंगाचा दगड उडाला असंल," मुकादम म्हणाला.

"सुरुंगाचा दगड तिकडून आला असता," आत्या म्हणाली. "ह्यो वरून आला. सरळ वरून."

"वरून काय येतंय गं? पाऊस येईना, अन् दगूड येतोय व्हय?"

सगळे हसले. दुसऱ्या दिवसापासून तिचं नाव पडलं, आभाळवाली. "काय आभाळवाले, आज काय पडलं?" "आमच्यासाठी चार भाकरी पाड की वरून!" हसणाऱ्यांत आमच्या वस्तीतल्या बायकाही होत्या. आत्याला त्याचं जास्त लागलं. आयुष्यभर तिच्याजवळ फारसं काही नव्हतं, पण तिचा शब्द खरा असतो एवढं गाव मानायचं. वस्तीत भांडण झालं की तिला बोलवायचे, कारण ती बघितलं तेवढंच सांगायची. तेच आता जायला लागलं होतं.

मी तेव्हा नांदेडला कॉलेजात शिकत होतो. मी पत्रकांवर वाढलो, असं म्हटलं तरी चालेल. वडील चळवळीची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांची माझ्या पुस्तकांना कव्हरं असायची, फळीवरच्या डब्यांखाली तीच अंथरलेली असायची, आणि मला अक्षरओळख झाली ती "बंधू-भगिनींनो" या शब्दापासून. त्यामुळं आत्याची हकीकत कळताच माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल? पत्रक. एका रात्रीत मसुदा लिहून खिशात ठेवला, मथळ्यासकट: "कष्टकरी बाईच्या शब्दाला किंमत नाही का?" मला त्या वयात राग फार यायचा. अजूनही येतो. तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

पण नांदेडला मला एक जागा माहीत होती. ग्रहणाच्या वेळी घाबरू नका असं सांगणारी पत्रकं वाटत मी एका घड्याळजीच्या दुकानात शिरलो होतो. तिथं रविवारी सकाळी चारपाच माणसं टेबलावर दगड मांडून बसायची. हे छंदी लोक. आपल्याकडच्या विहिरी खणताना काळ्या पाषाणाच्या पोकळीत पांढरे स्फटिक निघतात, ते जमवायचे, कापसात गुंडाळून टपालानं दूरदूरच्या छंदी लोकांना पाठवायचे, आणि त्या बदल्यात अशनीचा, म्हणजे आभाळातून पडलेल्या दगडाचा, एखादा पापुद्रा मागवायचे. आमच्या विहिरीतला दगड देऊन आभाळातला दगड घ्यायचा, असा तो सौदा. लातूरचे एक भांडीवाले व्यापारी महिन्यातून एकदा या बैठकीला यायचे. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, हातात पितळी डबा. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे.

गावाहून आणलेला आत्याचा दगड मी रुमालातून काढून टेबलावर ठेवला आणि सगळी हकीकत सांगितली. कुणी हात लावला नाही.

"जोड कुठाय?" आप्पांनी विचारलं.

"कसली जोड?"

"जोडीचा दगड. जिथं सापडला तिथलाच दुसरा, साधा."

मी खिशातून लोहचुंबक काढलं. आत्याच्या दगडाला ते चिकटलं. मी विजयी चेहऱ्यानं सगळ्यांकडं बघितलं, तर घड्याळजी हसू दाबत टेबलाखालून एक खोकं काढत होते. खोक्यात ओळीनं काळे दगड. त्यांनी एकेकाला चुंबक लावलं. प्रत्येकाला थोडंफार चिकटलं.

"हे आमचे सगळ्यांचे अशनी," आप्पा म्हणाले. "ह्यो माझा, औराद शहाजानीचा. दोन वर्षं देव्हाऱ्यात ठिवला होता. ह्यो गुरुजींचा, हदगावचा. गुरुजींनी त्याच्यासंगं फोटो काढून घेतलाय."

"आप्पा, फोटोचं सांगायची गरज आहे का?" टेबलाच्या कोपऱ्याला बसलेले शाळामास्तर, म्हणजे हेच गुरुजी, म्हणाले.

"हाय की! पोरगं नवीन हाय."

पुस्तकांत लिहिलेलं असतं की अशनी चुंबकाला ओढतो. बाहेरच्या माणसाला तेवढं पुरतं. आपल्या मराठवाड्याचा काळा पाषाण मात्र स्वतःच थोडा लोहचुंबकी आहे. तेव्हा इथला छंदी माणूस पुस्तक वाचून शेतात जातो आणि पहिल्याच दिवशी पोतं भरून अशनी घरी आणतो. या फजितीतून त्यांनी नियम केला होता: जोड आणल्याशिवाय दगड बघायचा नाही. एकट्या दगडाबद्दल काही सांगता येत नाही. शेजारच्यापेक्षा तो वेगळा आहे का, एवढंच सांगता येतं.

मला तो अपमान वाटला. "ती खोटं बोलत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच जोड आण," आप्पा म्हणाले. "मुकादम सुरुंगाचा म्हणतोय ना? मग सुरुंगाचाच आण. अन् अक्कांना घेऊन लातूरला दुकानावर ये. कानस त्यांच्या डोळ्यांदेखत मारायची. मागून कुणी म्हणाया नको, दगूड बदलला."

पत्रक खिशातच राहिलं. त्याबद्दल मी आप्पांचा आजही ऋणी आहे. ते पत्रक रागानं भरलेलं होतं, पण त्यात पुरावा एका ओळीचाही नव्हता.

गावी गेलो. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "अन् न्हाई निघाला तर?"

मी रुमालाची घडी घालत राहिलो.

"मंग मी म्हणीन, माझी नदर चुकली," ती म्हणाली. "पर बघायचं तर बघायचं."

सकाळी ती सरळ मुकादमापुढं उभी राहिली. "सुरुंगाचा एक दगूड द्या."

"घे की. लई हायेत. पोतं आनू का?"

"एकच पुरं. तुमच्या हातानं द्या, चार मानसांदेखत."

मुकादमानं हसत हसत ढिगातला एक काळा दगड उचलून दिला. ती जोड त्याच्याच हातची होती.

आप्पांचं दुकान लातूरच्या बाजारात. आम्ही गेलो तेव्हा बाहेर पाटी रंगवणारा शिडीवर चढून पत्त्यातला जुना जिल्हा खरवडून नवा काढत होता. आत आत्या उंबऱ्यापाशीच थांबली. आप्पांनी गादीवरची उशी सरकवली. "अक्का, आत या. तिथून कसं दिसंल?" ती आत आली, पण बसली नाही. दोन्ही दगड पदरात होते. तिनं ते स्वतःच्या हातानं पाटावर ठेवले.

आप्पांनी चुंबक दोऱ्याला टांगलं. मुकादमाच्या दगडाजवळ नेल्यावर ते जरासं कललं. आत्याच्या दगडाजवळ नेलं तर दोरा तिरपा झाला आणि चुंबक टक् करून जाऊन बसलं. मी बोलणार, तेवढ्यात आप्पांनी हात वर केला. "याच्यावर मी एकदा फसलोय."

मग कानस. आधी जोडीच्या दगडाचा कोपरा घासला. वर काळा, आतही काळाच. मग आत्याचा दगड घेतला. आप्पा हळूहळू घासत होते. काळं साल गेलं. ते कागदाएवढंच जाड होतं. खाली फिकट राखाडी अंग निघालं. आप्पांनी बोट ओलं करून ते पुसलं आणि दगड दाराच्या उजेडात धरला. राखाडी अंगात बारीक बारीक ठिपके चमकत होते, चांदीचं भांडं नुकतं घासल्यावर दिसतात तसे. ते लोखंड होतं, आणि मधूनमधून राळ्याच्या दाण्यासारखे गोल कण.

आप्पांनी भिंग लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"काय झालं?" मी विचारलं.

आत्या वाकून बघत होती. "वरून करपलंय अन् आतून कच्चं हाय," ती म्हणाली. "तवा लई तापल्यावर भाकरीचं व्हतंय तसं."

"अक्का," आप्पा म्हणाले, "तेच झालंय. येताना वरचं कातडं जळालं, आत आच पोचायच्या आत खाली पडला. मी इतकी वर्षं दगड जमवतोय. आपल्या मातीतला खरा आज पहिल्यांदा हातात आला."

आत्या तेव्हा बसली. त्याच गादीवर. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जरा च्या मिळंल का?"

असा दगड सापडला की सरकारच्या भूगर्भ खात्याला कळवायचं असतं. तसं कळवायचं ठरलं. दगडासोबत चिठ्ठी जाणार होती, आणि तिथं माझं भांडण झालं. पुढच्या रविवारी नांदेडच्या बैठकीत गुरुजींनी चिठ्ठी लिहायला घेतली: गाव, तालुका, जिल्हा, दगडाचा प्रकार, संग्राहकाचं नाव.

"सापडला कुणाला ते?" मी म्हणालो.

"दगडाला गाव लागतं. माणूस कशाला?" गुरुजी म्हणाले. "सगळीकडं हीच पद्धत आहे."

"ती पद्धत कुणी पाडली? ज्यांना कधी दगड फोडावा लागला नाही त्यांनी?"

आवाज चढला. घड्याळजींनी दुकानाचं दार लोटून घेतलं. मला वाटलं, आता मला बाहेर काढणार. आप्पांनी आपला पितळी डबा उघडला. त्यात त्यांचे सौद्यातले पापुद्रे होते, एकेकाखाली चिठ्ठी. त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. संग्राहक, संग्राहक, संग्राहक.

"ह्यांतला एकही दगूड संग्राहकाच्या अंगणात पडला नसंल," ते म्हणाले. "पोरगं तोंडाळ हाय, पर बरोबर हाय. गुरुजी, अक्कांचं नाव वर लिहा. संग्राहक खाली."

गुरुजींनी थोडा वेळ टोपण लावलेलं पेन हातात फिरवलं. मग टोपण काढलं आणि लिहिलं. त्यांचं अक्षर सुंदर होतं. आत्याचं नाव इतक्या सुंदर अक्षरात मी कधी बघितलं नव्हतं.

तरीही गावात ती आभाळवालीच होती. चिठ्ठी गाव कुठं वाचणार? मी म्हणालो, आता तरी पत्रक काढतो. आप्पा म्हणाले, "मीच येतो."

ते खरंच आले. औशापर्यंत एसटीनं, पुढं पायी, भर उन्हात. जेवणाच्या सुट्टीत कामावर पोचले. बाभळीखालच्या लोकांपुढं त्यांनी दोन्ही दगड ठेवले, मुकादमालाच कानस दिली आणि म्हणाले, "घासा." मुकादमानं आपल्या दगडाचा कोपरा घासला, मग आत्याच्या. लोक वाकून बघू लागले. आप्पांनी दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं साध्या शब्दांत सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मुकादमानं दोन्ही दगड दोन हातांत घेऊन तोलून बघितले.

"मंग वरूनच आला म्हना की," तो शेवटी म्हणाला.

"मी काय म्हनत व्हते?" आत्या म्हणाली.

आप्पांना तहान लागली होती. कामावर तेव्हा पाण्याच्या घागरी वेगवेगळ्या असायच्या. कुणाची कुठली हे सांगावं लागत नसे. कुणीतरी त्यांना पलीकडच्या घागरीकडं बोलावलं. ते आत्याजवळ आले. "अक्का, पाणी द्या." आत्यानं आमच्या घागरीतून तांब्या भरून दिला. सगळ्यांदेखत ते प्याले आणि तांब्या पुन्हा पुढं केला.

"पुरं आता, आप्पा," आत्या म्हणाली. "टँकर परवा हाय."

सगळे हसले, आणि पहिल्यांदाच ते हसणं तिच्यावर नव्हतं.

यापेक्षा मोठे उपकार करणारी माणसं जगात असतील. मला ही भेटली. पत्रकानं मला रागवायला शिकवलं आणि त्या दगडवाल्यांनी रागाला जोड आणायला शिकवलं. दोन्हींशिवाय मी आज लिहू शकलो नसतो. दगड खात्याकडं गेला, आत्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन. आप्पांच्या डब्यात नखाएवढा तुकडा राहिला. जोडीचा दगड आत्याच्या चुलीजवळ आहे. "ह्यानंच माझी साक्ष दिली," ती म्हणते आणि त्यावर मिरच्या ठेचते.

त्यानंतर आप्पांनी स्फटिकांची आपली जुनी खोकी काढली आणि कोणता कुणी दिला ते आठवून चिठ्ठ्या नव्यानं लिहायला बसले. मी मदतीला होतो. बऱ्याच ठिकाणी त्यांचा हात थांबायचा. एका चिठ्ठीवर त्यांनी लिहिलं: "विहिरीवर माती काढणारी बाई. नाव विचारलं नाही."

वडिलांच्या प्रत्येक पत्रकाच्या शेवटी एक विनंती असायची, म्हणून माझीही एक. तुमच्या घरात, शाळेत, कॉलेजच्या कपाटात कुठंतरी असा एखादा दगड असेल, शंख असेल, शेतात निघालेलं नाणं किंवा खापर असेल. आज ते उचला. ते कुणाला सापडलं हे माहीत असलेलं माणूस हयात असेल तर आजच जाऊन विचारा, आणि ते नाव कागदावर लिहून त्याच्याखाली ठेवा. तुमच्या नावाच्या वर.