नेरेइदाच्या मुठी

नेरेइदाला त्या दिवशी कुणी नुसतं "कशी आहेस?" विचारलं असतं, तरी तिनं कानाखाली वाजवली असती. अस्वा गावच्या बाजारातल्या मोटरसायकल-टॅक्सीच्या स्टँडवर ती एकटीच बाई. सकाळी उतारावर तिचा उजवा हात बधिर झाला, ब्रेक वेळेवर दाबला गेला नाही आणि मागं बसलेली म्हातारी केळ्यांच्या घडासकट चिखलात! म्हातारीला साधं खरचटलंही नाही. पण स्टँडचा म्होरक्या एलिहिओ सगळ्यांसमोर गरजला, "पुन्हा असं झालं तर स्टँडचं नंबराचं जॅकेट काढून ठेवायचं. बायकांचे हात चुलीपाशी केळी ठेचण्यापुरतेच!"

जॅकेट गेलं की नंबर गेला, आणि नंबर गेला की चूल विझली.

या स्टँडवरच्या शहाण्यांची एक रीत होती. हँडलची मूठ टोचायला लागली की वर जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. तरी टोचली तर आणखी एक थर. जाड तेवढं मऊ, हे यांचं शास्त्र! नेरेइदानंही थरावर थर चढवले होते. तिचा हात तो केवढा, आणि मूठ झाली मुसळाएवढी.

तणतणत ती क्लोतिल्देबाईंच्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरली. "सगळ्यात जाड ग्रिप द्या."

"आधी बाहेर चल. तुझ्या गाडीची मूठ धरून दाखव." नेरेइदानं धरली. बोटं अर्ध्यावरच राहिली. "अगं बाई, दिवसभर अशी आवळून धरतेस? मग हात मरणार नाही तर काय! बोटांची टोकं तळहाताला टेकायला आली पाहिजेत."

स्पंजाची ग्रिप दाबताच चपटी झाली. प्लास्टिकची टणक निघाली. शेवटी बारीक रेघांची, सडपातळ रबराची सापडली. डोळे मिटून धरली तर हात आपोआप सैलावला. "इतकी वर्षं माझे हात मीच मारले!" म्हणत तिनं खिशातल्या चाकूनं जुन्या पट्ट्या खसाखसा कापल्या आणि तिथंच नव्या ग्रिप बसवून घेतल्या.

ती स्टँडवर आली तेव्हा कॉफीवाली नुकती कॉफी ओतून गेली होती.

"बघा, बाळाच्या मुठी लावून आली!" एलिहिओ म्हणाला. सगळे खिदळले.

नेरेइदा तोंड उघडणार, तेवढ्यात तिची नजर त्याच्या हातावर गेली. बाकीचे पेला काठाला धरून फुंकर मारत होते. या गड्यानं वाफाळता पेला अख्ख्या पंजात धरलेला.

"पोळत नाही का रे तुला?"

हसणं थांबलं. एलिहिओनं घाईनं पेला ठेवला. कॉफी मनगटापासून बोटांपर्यंत सांडली, तरी त्यानं हात झटकला नाही. तळवा लालभडक झाला होता.

"कधीपासून बधिर आहे हात?" तिनं विचारलं. त्यानं हात पाठीमागं लपवला.

"रोज शाळेला जाताना तुझी नात तुझ्या मागं बसते ना रे, मेल्या? आणि जॅकेट माझं काढतोस?" तिनं चाकू त्याच्यापुढं आपटला. "काप ती तुझ्या मुठीवरची ट्यूब!"

एलिहिओनं चाकू उचलला. तो बोटांतून निसटून खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. कुणीही हसलं नाही. शेवटी नेरेइदाच शिव्या घालत त्याच्या गाडीशी गेली आणि पट्ट्या कापायला लागली.